मामाचा चौथा अंक

७ मार्च

मामा,

‘तीर्थरूप’ लिहिलं की आपण फार म्हातारे झालो असं तुला वाटतं, म्हणून नुसतं मामा. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने लावतोस, तेव्हा पत्रच बरं.

आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालंय, घाबरण्यासारखं काही नाही, पण दोन महिने तरी पलंग सोडायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. पडली कशी ते तुला खरं सांगते, कारण बाकी सगळ्यांना मी ‘चक्कर आली’ असं सांगितलंय. रविवारी मी दादाची खोली पुसते. फरशी ओली होती आणि मी बादली घेऊन मागे गेले होते. ती का आत गेली कोण जाणे, ती कधीच जात नाही. तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा देताना मला कसंतरीच होतं.

हाडाचं मला काही वाटत नाही, ते जुळेल. पण ती जेवत नाही. सूप पुढे केलं की दोन चमचे घेते आणि भिंतीकडे तोंड करते. दादाचं जहाज बुडालं तेव्हासुद्धा ती अशी नव्हती. तेव्हा कंपनीचं ‘बेपत्ता’ असं पत्र आलं, तिने ते घडी करून कपाटात ठेवलं आणि ओट्याकडे गेली. चार वर्षं आम्ही दोघी त्यावर एक शब्द बोललेलो नाही. मला वाटतं, ती अजून वाट बघते. मीही बघते. सापडला नाही म्हणजे गेला असं थोडंच असतं?

काल मात्र स्वतःहून म्हणाली, “मला काहीतरी वाचून दाखव. कादंबरी नको, तिच्यात लिहिणारा एकटाच बोलत बसतो. जुनं नाटक वाच. बारक्याला विचार, त्याचा सगळा जन्म त्यात गेलाय.”

तर बारक्या मामा, वाचण्यासारखी जुनी, चांगली नाटकं सुचव. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या काचा घासते, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आपल्या घरात नाटकातला माणूस तूच.

तुझी,
ठकू

१२ मार्च

ठकू,

ताईला सांग, पडायचंच होतं तर स्टेजवर पडायचं, निदान टाळ्या मिळाल्या असत्या. हे वाचून ती हसली की नाही ते कळव. आणि ओल्या फरशीचं मनाला लावून घेऊ नकोस. नाटकात फरशी ओली ठेवणारा कधीच खलनायक नसतो.

आता नाटकं. विचारलंस ते योग्य माणसाला. राजाच्या दोन राण्यांचं ते जाडजूड नाटक वाचू नका. मी त्यात भालदार होतो. नुसतं उभं राहायचं, पाय भरून यायचे. एकदम रटाळ. वकील आणि त्याच्या बहिऱ्या सासऱ्याचं नाटक चांगलं आहे, विशेषतः सुरुवात. मी त्यात वाढप्या होतो, पहिल्याच प्रवेशात ताट घेऊन घसरायचो आणि थिएटर डोक्यावर घेतलं जायचं. सावकाराच्या घरातल्या भुताचं नाटक पलंगावरच्या माणसाला नको.

ताईला वाचून दाखवायचं ते आमचं ‘चार अंकी’. पुस्तकावर भारदस्त नाव आहे, पण मंडळीत आम्ही सगळे चार अंकीच म्हणायचो. कुठल्याही वाचनालयात मिळेल. एक म्हातारी आहे. तिचा मुलगा लढाईवर गेलाय आणि त्याची काही खबर नाही. गावातले लोक तिला वेडी म्हणतात, कारण ती रोज दोन ताटं मांडते. मग दुसऱ्या अंकाच्या शेवटी निरोप्या धावत येतो. हा निरोप्या म्हणजे तुझा मामा. धापा टाकत म्हणतो, “आजी, पोरगा जिवंत आहे. निघालाय, येतोय.” म्हातारी आधी हसते, मग निरोप्यालाच पोटाशी धरते. समोर अख्खं थिएटर रुमालाने डोळे पुसत असतं, पण आनंदाने बरं का. वीसेक वर्षं केलं मी ते काम आणि एकदाही टाळी चुकली नाही.

ताईला दुसरं काही नको. हेच औषध.

मामा

२४ मार्च

मामा,

हसली. “याचा वात्रटपणा काही गेला नाही,” म्हणाली आणि पाठीला उशी मागितली.

चार अंकी मिळालं. पुठ्ठा निघालाय, पण पानं शाबूत आहेत. मी दुकानातून आले की रोज थोडं वाचायचं असं ठरलंय. आईने एक नियम केलाय, मी एकटीने पुढचं वाचायचं नाही. “दोघींना एकदमच कळू दे,” म्हणते. पुस्तक तिच्या उशाशी असतं. मी लबाडी करीन असं तिला वाटतं, आणि खरं तर केलीच असती.

पहिल्या अंकात ती नुसती ऐकत होती. दुसऱ्या अंकात दोन ताटांचा प्रवेश आला तेव्हा मला वाचवेना. आपल्या घरात ताट मी मांडत नाही, पण खोली पुसतेच की. मी थांबले तर आई म्हणाली, “वाच पुढे.” आणि मग तू आलास. मी तुझ्यासारख्या धापा टाकून वाचलं. आई माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की काय सांगू. त्या दिवशी वाडगाभर सूप प्यायली आणि वर बिस्किट मागितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तिसरा अंक चाललाय. म्हातारी घर झाडते, पडदे धुते, शेजारणीकडून चांगल्या वाट्या उसन्या आणते. अजून तो आलेला नाही. म्हणून तुला विचारते, आणि मला सरळ उत्तर दे. चौथ्या अंकात तो येतो ना? येत नसेल तर आत्ताच सांग. पुस्तक वाचनालयाने परत मागितलं असं सांगून टाकीन, पण तिला ते ऐकवणार नाही. इतक्या दिवसांनी ती जेवायला लागली आहे. पुन्हा भिंतीकडे वळली तर परत नाही वळायची.

ठकू

२८ मार्च

ठकू,

येतो. अगं, निरोप मीच देतो ना? पोरगा येणार नसता तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या का मला?

चौथा अंक डोळे मिटून वाच. म्हणजे उघडून वाच, पण बिनधास्त. ताईला म्हणावं, बारक्याने शब्द दिलाय.

मामा

६ एप्रिल

मामा,

काल चौथा अंक काढला. पहिलं पान वाचलं. दार वाजतं, म्हातारी धावते, उंबऱ्यात कोणी तरुण उभा आहे. वाचता वाचता माझी नजर खालच्या ओळींवर गेली. तो तिचा मुलगा नाहीच. त्याच्या पलटणीतला दुसरा पोरगा आहे आणि मुलाचा कोट परत द्यायला आलाय. निरोप्याने चुकीच्या माणसाची खबर आणली होती. मुलगा पहिल्या अंकाच्याही आधी मेलेला आहे.

डोळे चुरचुरतात असं सांगून मी पुस्तक मिटलं. आई “उद्या वाच,” एवढंच म्हणाली. मी पुस्तक घेऊन बाहेर आले आणि तिचा नियम मोडून शेवटपर्यंत वाचलं.

तू हे का केलंस? मी तुला इतकं स्पष्ट विचारलं होतं. वीस वर्षं ज्या नाटकात काम केलंस त्याचा शेवट तुला ठाऊक नसेल असं तर होणार नाही. मग आईला मुद्दाम ऐकवायचं होतं का? दुःखाने दुःख जातं वगैरे तुमच्या नाटकवाल्यांचं काही असतं का? असेल तर ते दुसऱ्याच्या आईवर करून बघा.

रागात लिहिलं. पण खोडत नाही.

आता एकच आशा आहे. तुमच्या मंडळीत शेवट वेगळा होता का? नाटकवाले बदलतात म्हणे. तसं असेल तर तो मला लिहून पाठव, मी तोच वाचीन. आईला सध्या सांगितलंय की दुकानात काम फार आहे. हे मी किती दिवस सांगू?

ठकू

९ एप्रिल

ठकू,

तुझा तर्क बरोबर आहे. छापील पुस्तकात शेवट तसाच आहे, पण आमच्या मंडळीने तो बदलला होता. लोकांना रडत घरी पाठवायचं नाही असं मालकांचं मत होतं. मला वाटलं, छापलेलंही आता तसंच असेल. हे आधी सांगायला हवं होतं.

सोबत चौथा अंक पाठवतो आहे. आठवेल तसा लिहिलाय, अक्षर समजून घे.

मामा

१७ एप्रिल

मामा,

तुझा अंक वाचला. म्हणजे पुस्तक समोर धरलं, त्यात तुझे कागद घातले आणि वाचले. आईशी असं वागताना माझे कान तापले होते. पण वाचत गेले आणि मग मलाच खरं वाटायला लागलं.

मामा, तो मुलगा पुढच्या दाराने येतच नाही. मागच्या दाराने येतो, बूट हातात घेऊन, आणि आईला हाक मारायच्या आधी झाकण उचलून बघतो, काय शिजलंय. हे तर दादाचं आहे. तुमच्या मालकांना दादा कसा माहीत होता? मला माहीत आहे की हा योगायोग असणार. पण तिथे मी थांबले आणि मागच्या दाराकडे बघितलं. खरंच बघितलं.

आईने डोळे मिटून ऐकलं. झाकणाचा भाग पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, “छान आहे. कोणी लिहिलं?” मी म्हटलं, “त्यानेच, ज्याने सगळं नाटक लिहिलं त्याने.” ती “हं” म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी तिने काय मागितलं असेल? दादाच्या कपाटाची किल्ली. चार वर्षांत पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला. मी चादर बदलली, उशी उन्हात टाकली, त्याचे शर्ट काढून इस्त्री करून ठेवले. तिला सांगितलं तेव्हा तिने माझा हात धरून ठेवला, बराच वेळ. मला वाटतं, तिच्या मनात पुन्हा आशा आली आहे. माझ्या तर आलीच. जहाजाच्या कंपनीला परत एकदा पत्र लिहिणार आहे.

तुझ्यावर उगाच भडकले. पोटात घाल.

ठकू

२१ एप्रिल

ठकू,

त्या कंपनीला पत्र लिहू नकोस. आधी हे वाच.

आमच्या मंडळीने शेवट बदललेला नव्हता. तो अंक मी लिहिला. तुझं पत्र आलं त्या दिवशी, खिडकीशी बसून. बदललेला नव्हता हे तरी मला कुठे माहीत होतं? चार अंकीचा चौथा अंक मी कधी बघितलेला नाही. वाचलेलाही नाही. तिसराही नाही.

आमच्याकडे अख्खं पुस्तक कोणाला देत नसत. प्रत्येकाला त्याच्या वाटचं बोलणं तेवढं उतरवून मिळायचं, आणि त्याच्या आधीच्या माणसाचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे तोंड कधी उघडायचं ते कळावं. त्याला आम्ही नक्कल म्हणायचो. माझी नक्कल अर्ध्या पानाची होती. दिग्दर्शक पहिल्या दिवशी म्हणाले, “तू पुढचं विचारू नकोस. तुला खरोखर वाटलं पाहिजे की तो येतोय. कळलं तर तुझ्या चेहऱ्यावर येईल.” मी मान डोलावली. दुसरा अंक संपला की रंग पुसायचा आणि बेकरीत कामाला जायचं. शेवटच्या पडद्याला मोठी माणसंच उभी राहायची, मला कोणी थांब म्हटलं नाही.

दिग्दर्शकांचं म्हणणं एक वर्ष चाललं असतं. पुढची सगळी वर्षं माझा आळस, दुसरं काही नाही. बाकीच्या नाटकांचंही तेच. मी तुला सुचवलेल्या प्रत्येक नाटकात मला माझ्या एक्झिटपर्यंतच ठाऊक आहे. उंटावरचा शहाणा बरा, त्याला निदान लांबून तरी दिसतं. नातेवाइकांत मी नाटकातला जाणकार म्हणून मिरवलो, लग्नकार्यात लोक विचारायचे आणि मी मत ठोकून द्यायचो. झाकली मूठ होती. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

तू सरळ विचारलंस तेव्हा मी पुस्तक उघडून बघायला हवं होतं. वाचनालय माझ्या गल्लीच्या टोकाला आहे. पण मी उठलोसुद्धा नाही, शब्द देऊन मोकळा झालो. त्याची मला फार लाज वाटते. आणि त्याहून जास्त लाज पुढच्या पत्राची वाटते, कारण पहिल्या वेळी मला ठाऊक नव्हतं, दुसऱ्या वेळी मी जाणूनबुजून खोटं बोललो. तू मला अडाणी म्हणशील ही भीती. ताईच्या जेवणाची काळजी नंतर आली, खोटं कशाला बोलू.

तो मुलगा कसा आत येईल ते मला सुचेना. मग जो पोरगा मला माहीत होता तोच आणला. मागच्या दाराने. लिहिताना मला बरं वाटत होतं गं. तू वाचताना दाराकडे बघशील हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुस्तक काल आणलं. वाचलं. दुसऱ्या अंकात मी धावत येतो ते पान आता वाचवत नाही. एवढी वर्षं लोक रुमाल काढत होते ते आनंदाने नव्हतं. त्यांतल्या निम्म्यांना शेवट माहीत असणार. ते माझ्याकडे बघून रडत होते.

ताईला हे सांगायचं की नाही ते तू ठरव. मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

मामा

३० एप्रिल

बारक्या,

पडल्या पडल्या लिहिते आहे, ओळी वर-खाली गेल्या तर चालवून घे. तुझं पत्र पोरीने मला वाचून दाखवलं. अर्ध्यात उठून गेली, उरलेलं मी भिंग लावून वाचलं. आठवडा झाला, ती तुला उत्तर लिहीत नाही आणि माझ्याशीही बोलत नाही. कामावर जाते, येते, भांडी घासते.

तुला काय वाटलं, मी तुझं नाटक बघितलेलं नाही? तू कधी बोलावलं नाहीस, मी आपली आले. तुझ्यासाठी स्वेटर विणला होता, तो द्यायचा होता. तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसले. तू धावत आलास आणि मी शेजारणीला म्हटलं, हा माझा भाऊ. मग चौथा अंक झाला. संपल्यावर मागच्या दाराशी उभी राहिले, तुझ्याशी बोलायला. सगळे बाहेर पडले, तू नाहीस. रखवालदार म्हणाला, निरोप्या होय? तो दुसऱ्या अंकानंतर कधी थांबत नाही. तेव्हाच मला कळलं. बोलले नाही. तू किती ऐटीत सांगायचास, ते मोडायचं जिवावर आलं.

म्हणजे पुस्तक कशाने संपतं ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तू सुचवलंस तेव्हा मला वाटलं, बरं झालं. मी जेवायला लागले ती निरोप्यामुळे नाही. आता चौथा अंक येणार, ती तो मोठ्याने वाचणार, आणि मग आम्हाला बोलता येणार, म्हणून. माझा मुलगा गेला हे मला कंपनीचं पत्र आलं तेव्हाच कळलं होतं. त्याचं काय रडायचं ते मी रडून घेतलंय, ती कामावर असताना. पण ती दर रविवारी ती खोली पुसते. तिला कोणी विचारायला आलं, चांगलं स्थळ आलं, तरी दादा आल्यावर बघू म्हणते. तिचं वय चाललंय. त्या दिवशी मी आत गेले ती तिला सांगायला. ती बादली घेऊन मागे गेली होती, नुसती ओली फरशी दिसली, माझा धीर सुटला, मागे वळले आणि पडले.

ही माझी लाज. जे आईने सांगायचं ते मी पुस्तकावर ढकललं. आणि तुम्ही दोघांनी मिळून पोरगा परत आणलात. तुझ्या अंकात त्याने झाकण उचललं तेव्हा मलाही पुन्हा ऐकावंसं वाटलं. म्हणून तुझ्यावर रागावता येत नाही. किल्ली मी त्याचे कपडे कोणाला तरी देऊन टाकायला मागितली होती. तिने इस्त्री केली. मग मी काय बोलणार?

तर आता तू ये. पुस्तक घेऊन ये आणि खरा चौथा अंक आम्हा दोघींना वाचून दाखव. तुलाच वाचायला पाहिजे. येतोय असं तू सांगितलंस, तर नाही आला हेही तूच सांग. लाजेचं नंतर बघू, तिला माझ्या घरात भरपूर जागा आहे.

ताई

१४ मे

मामा,

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणते आहे. स्टेशनवर तुझ्याशी धड बोलले नाही. तुझ्यावर राग होता म्हणून नाही.

तू वाचतोस वाईट. इतकी वर्षं स्टेजवर राहून कोणी इतकं वाईट वाचत असेल असं वाटलं नव्हतं. प्रत्येक ओळीला अडखळत होतास, चष्मा पुसत होतास, आणि कोटाचा प्रवेश आला तेव्हा पुस्तकाच्या मागे तोंड लपवून बसलास. मी पलंगाच्या पायथ्याशी होते. मी तयारीने बसले होते. आईला काही झालं तर पाणी जवळ ठेवलं होतं, डॉक्टरांचा नंबर काढून ठेवला होता. डोळे सारखे तिच्याकडे. ती शांत. मग म्हातारी तो कोट झटकते आणि त्या परक्या पोराला म्हणते की थंडी आहे, तूच घाल. एवढं तू वाचलंस आणि माझ्या घशातून जो आवाज आला तो मला ओळखू आला नाही.

तू बाहेर गेलास ते बरं केलंस. पुढचं तुला माहीत नाही म्हणून लिहिते. आईने मला वर ओढून घेतलं, त्या मोडक्या खुब्याशेजारी. मी म्हणत होते, आई, तुला दुखेल. ती म्हणाली, “दुखू दे. गेला गं तो. आपला दादा गेला.”

चार वर्षांत आमच्या घरात हे कोणी म्हटलं नव्हतं. ती म्हणू शकली असती, केव्हाच. माझ्यासाठी थांबली होती. मला वाटायचं, मी तिच्यासाठी वाट बघते. तिला सांभाळायला म्हणून मी घरात राहिले, आणि ती मला सांभाळत लपून रडत होती, मी दुकानातून यायच्या आत तोंड धुवून बसत होती. तिला एकदा मोकळेपणी रडूसुद्धा दिलं नाही मी. हे आठवलं की चष्म्याची काच हातात धरून तशीच बसते, गिऱ्हाईक ताटकळतं.

त्या दिवशी आम्ही दोघी रडलो. मी तिच्या कुशीत आणि ती माझ्या केसांत, आणि मधेच ती म्हणाली, “हळू रड, तो बाहेर बारक्या एकटा बसलाय.”

ठकू